अठराचं चाक

इब्रा मागे टाकून सूरच्या रस्त्याने पुढे गेलं की उजव्या हाताला वाळू दिसायला लागते. अल वासिल, बिदिया ही गावं तिच्या काठावरची. ओमानच्या शरकिया भागातल्या या वाळवंटाला जुने लोक अजून वहिबाच म्हणतात. दक्षिणोत्तर सुमारे १८० किलोमीटर लांब, ८० किलोमीटर रुंद, आणि त्यातल्या वाळूच्या लांबच लांब डोंगररांगा शंभर मीटरपर्यंत चढलेल्या. या गावांतून टायरची दुकानं बरीच. आत जाणारा इथे थांबून चाकांतली हवा कमी करून घेतो, बाहेर आलेला भरून घेतो. त्यातल्या एका दुकानात खेड तालुक्यातले एक चाचा बसत. हिशेबाला पक्का माणूस. पण जे खरं मोलाचं होतं ते मला दिलं, आणि ते वहीत लिहिलंच नाही.

मी भूजलाचं काम करते. वहिबाच्या वाळूखाली पाणी आहे, आणि तिच्या पूर्व काठाला घाफ झाडांचं जंगल उभं आहे. घाफ म्हणजे आपली शमी. पाऊस जवळजवळ नसताना ही झाडं कशावर जगतात, विहिरींची पातळी किती खाली जाते, पाणी किती खारं होतं, हे मोजत फिरणं माझ्या कामात येतं. २०२२ मध्ये कंपनीची नोकरी सोडून मी स्वतंत्र सल्लागार झाले, तेव्हा कंपनीची लँड क्रूझरही सुटली. देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाची लँड रोव्हर डिफेंडर ११० मी घेतली. २००८ पासून लँड रोव्हर टाटांची आहे, त्यामुळे कराडला आईला सांगताना 'टाटांची गाडी घेतली' एवढंच सांगितलं आणि तिला ते फार आवडलं.

गाडी देखणी होती, आणि चाकं तर त्याहून. २२ इंची काळी चकचकीत अलॉय, त्यावर २७५/४५ आर २२ टायर. शहरात माणसं वळून बघत. ती घेऊन मी बिदियाला गेले ते हवा कमी करून घ्यायला. चाचांनी हातातलं गेज खिशात टाकलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "कुठली गो तू?"

"कराडची."

"म्हणजे कुंभार्ली चढून वर. मग ऐक बाय. गाडी सोन्यासारखी हाय. चाकं रस्त्यावरची हायत. ह्या चाकांवर मी हवा कमी करून देनार नाय."

दुकानात गिऱ्हाईक उभं असताना काम नाकारणारा माणूस मला नवीन होता. रागाने नव्हे, समजावून नाकारत होते. त्यांनी वाकून रिम आणि जमीन यांच्यामध्ये हात आडवा धरून दाखवला. "एवढंच रबर हाय. ह्याच्यात दाबायला काय उरलंय?"

त्या संध्याकाळी दुकानामागच्या बाकड्यावर बसून जे ऐकलं त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे, म्हणून ते नीट सांगते.

टायरवर लिहिलेला पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के ती. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. माझ्या टायरची भिंत २७५ च्या ४५ टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटरच्या आसपास. याच गाडीला कारखान्यातून १८ इंची चाकंही येतात, २५५/७० आर १८. त्यांची भिंत साडेसतरा सेंटिमीटरहून जास्त. मधली दोन मापं आहेत: २५५/६५ आर १९ आणि २५५/६० आर २०. गंमत अशी की १८, १९ आणि २० या तिन्हींचा बाहेरून मोजलेला व्यास जवळजवळ तंतोतंत ८१४ मिलिमीटर येतो, आणि बावीसचाही त्यापेक्षा फक्त आठेक मिलिमीटरने कमी. म्हणजे गाडी उंच होत नाही, ठेंगणी होत नाही, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. बदलतं ते एकच: त्या ठरलेल्या वर्तुळात धातू किती आणि रबर-हवा किती. चाचांनी हे आकडे कागदावर मांडले नव्हते. ते मी नंतर मस्कतला बसून मांडले, आणि त्यांनी तळहाताने दाखवलेलं मिलिमीटरपर्यंत बरोबर निघालं.

वाळूत हे एवढं का महत्त्वाचं, ते त्यांनी एकाच प्रश्नात सांगितलं. "लावनीला चिखलात उतरलीस कधी? टाच रोवून चाललं तर पाय रुततो. सगळा तळवा टेकवायचा." टायरची हवा निम्मी केली की जमिनीला टेकणारा त्याचा भाग जवळजवळ दुप्पट होतो. गाडीचं वजन तेवढंच, ते आता जास्त जागेवर पसरतं. हा भाग वाढतो तो मुख्यतः लांबीत, रुंदीत थोडाच. म्हणून नुसता रुंद टायर घालून काम भागत नाही. टायर पुढे-मागे लांब पसरायला हवा, आणि त्यासाठी भिंत वाकायला हवी. बुटकी, कडक भिंत वाकत नाही. वाकवायला हवा आणखी कमी करावी, तर रिमची कड थेट रबरावर येऊन बसते, आणि खाली एखादा दगड असला की रिम आणि दगड यांच्यात सापडून टायर कापला जातो.

दगड वाळवंटात कुठून, असं वाटेल. मी भूवैज्ञानिक, मला ते ठाऊक असायला हवं आणि होतंही. वहिबाच्या मोकळ्या वाळूखाली जुनी, चुन्याने घट्ट झालेली वाळू आहे, आणि दक्षिणेकडे समुद्राच्या बाजूला ती जागोजागी उघडी पडते. तिच्या कडा धारदार असतात. माझ्या बऱ्याच विहिरी त्याच बाजूला. मला खडक माहीत होता, चाचांना टायर. त्यांनी विचारलं, "खाली काय लागतंय तिकडे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग अठराच. दुसरं बोलनं नाय."

विद्यार्थिदशेत मी राल्फ बॅग्नोल्डचं वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवरचं १९४१ सालचं पुस्तक वाचलं होतं; वाळूवर काम करणाऱ्याला ते चुकत नाही. हाच बॅग्नोल्ड त्याआधी फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडत होता, आणि टायरमधली हवा कमी करून मऊ वाळू ओलांडण्याचं तंत्र त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वापरून वापरून पक्कं केलं. वाळूच्या डोंगराची वाऱ्याकडची बाजू दाबलेली, घट्ट असते. पलीकडची घसरती उतरण तिशीच्या थोड्या वरच्या कोनावर कशीबशी तोललेली असते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. चाचांना ते माहीत होतं रुतलेल्या गाड्या ओढून काढून. दोघांचं म्हणणं एकच निघालं, पण चाक निवडता आलं ते दुसऱ्यामुळे.

अठराचं रिम प्रत्येक डिफेंडरला बसत नाही. मोठ्या इंजिनाला ब्रेक मोठे असतात आणि लहान रिम त्यांच्यावर अडतं. माझी गाडी चार सिलिंडरची. तरी चाचांनी अंदाजावर सोडलं नाही. एका माणसाने डिफेंडरची पोलादी अठराची चाकं काढून वीसची बसवून घेतली होती आणि जुनी दुकानातच ठेवली होती. त्यातलं एक त्यांनी माझ्या पुढच्या ब्रेकवर चढवलं, हाताने सावकाश फिरवलं, मधली फट बॅटरीच्या उजेडात पाहिली, मग मागे तेच. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतल्या बाजूला घासतं का ते पाहिलं. मगच मान हलवली.

पोलादी चाकं दिसायला साधी, पांढरट. चाचांनी ती घेण्याचं एक कारण सांगितलं ते मला आजही पटतं: पोलादाची कड दगडावर आपटली तर वाकते, आणि वाकलेली कड हातोड्याने सरळ करता येते. अलॉय तडकलं तर वाळवंटात ते कोणी जोडून देत नाही.

टायर निवडताना मात्र आमचं थोडं जमेना. मला खोल, राकट नक्षीचे, चिखलात चालणारे टायर हवे होते. ते मजबूत दिसतात. चाचा म्हणाले, वाळूत ते गाडी पुढे नेत नाहीत, खड्डा खणतात. शिवाय त्यातले काही इतक्या जाड थरांचे असतात की हवा कमी केली तरी भिंत ताठच. मला त्यांनी रस्ता आणि रान दोन्हींवर चालणारे, मध्यम नक्षीचे टायर दिले. पण एका आकड्यावर ते हटून बसले. मापाच्या शेजारी लिहिलेला वजनाचा आकडा ११६ असलाच पाहिजे, म्हणजे एका टायरने १२५० किलो पेलायचे. मी पाण्याचे कॅन, पंप, नमुन्यांच्या पेट्या घेऊन फिरते. हवा कमी केली की टायरची पेलण्याची ताकद आणखी उतरते, म्हणून सुरुवातच भक्कम हवी. हा आकडा कोणी बघत नाही, सगळे नक्षी बघतात. माझ्या मते गाडीच्या मापात याहून मोठा निष्काळजीपणा नाही.

मग तारीख. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आखाताच्या उन्हात रबर वापराविनाही म्हातारं होतं. चाचांनी गोदामातून टायर काढून त्यांतले दोन बाजूला सारले, कारण त्यांची तारीख त्यांना आवडली नाही. नक्षी कोरी करकरीत होती. ते दोन टायर त्यांनी नंतर कोणालाही विकले नाहीत, एवढं मला ठाऊक आहे.

पाचवं चाकही त्याच मापाचं घ्यायला लावलं. मागच्या दारावर बावीसची स्टेपनी चकचकत राहिली असती तर गाडी छान दिसली असती. पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचं लावून लांब पळवलं की डिफरेन्शियलवर ताण येतो, आणि वाळूत त्या चाकाची हवा कमी करायची सोय उरत नाही. बावीसची पाचही चाकं चाचांनी माझ्यासाठी विकून दिली आणि त्यांतून अठराची किंमत वळती केली. जे उरलं ते बैसा न बैसा मोजून माझ्या हातात दिलं. त्यांनी पैसे घेतले ते टायर बसवण्याचे आणि तोल साधण्याचे. बाकड्यावरच्या संध्याकाळचे, ब्रेकवर चाक फिरवून बघण्याचे, गिऱ्हाईक नाकारण्याचे नाही.

हवेचे आकडे त्यांनी मला पाठ करून घेतले. गुळगुळीत रस्त्यावर गाडीच्या दारावर लिहिलेत तेवढे. वाळूत शिरताना १८ पाउंड. रुतायला लागली तर १५. अगदीच अडलं तर १२, पण मग वेग माणूस चालतो तेवढा आणि वळण मोठं, कधीही झटक्याने नाही. दगड आला की पुन्हा थोडी भरायची. डांबरावर आल्यावर पहिलं काम हवा भरण्याचं, कारण मऊ टायर वेगात वाकून वाकून तापतो आणि फाटतो. गाडीच्या पडद्यावर हवा कमी असल्याचा इशारा सारखा येत राहतो. "ती तिचं काम करतेय, तू तुझं कर," चाचा म्हणाले.

एका हिवाळ्यात माझ्याबरोबर आत आलेल्या दुसऱ्या महागड्या गाडीचं पुढचं चाक उतरणीवर तीव्र वळण घेताना रिमवरून निसटलं. हवा गेली, रबर एका बाजूला लोंबत होतं, कडेत वाळू भरली होती. गाडीत दोन लहान मुलं. संध्याकाळ होत आली होती आणि बिदिया लांब होतं. जॅकखाली फळी ठेवून चाक उचललं. टायरची कड आणि रिमची खाच पाण्याने धुऊन एकूण एक कण काढला, साबणाचं पाणी फिरवलं. वॉल्व्हमधली पिन काढली, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा अडथळ्याविना आत जाते. रबर दोन्ही हातांनी बाहेरच्या कडेकडे ओढून धरलं आणि हवा सोडली. आधी फुसफुसाट, मग फटाक्यासारखे दोन आवाज, आणि कड जागेवर बसली. यातली प्रत्येक पायरी चाचांनी दुकानात एका जुन्या चाकावर माझ्याकडून करून घेतली होती. तेव्हा मला वाटलं होतं, हे मला कशाला लागेल. त्या मुलांच्या आईने माझे हात धरून आभार मानले, आणि मला ते आभार घेताना फार अवघडल्यासारखं झालं. ते माझे नव्हतेच.

चाचा आता गावी परतले आहेत. मागच्या सुट्टीत भावाच्या गाडीतून कुंभार्ली उतरून त्यांच्याकडे गेले. भावाची नवी गाडी, चाकं चांगली मोठी, टायर बुटके. मला वाटलं, आता त्याची खैर नाही. चाचा अंगणातून आले, खाली वाकले, माप वाचलं आणि भावाला विचारलं, "कुठं चालवता?"

"कराड-पुणे. कधी कोल्हापूर."

"मग बरोबर हायत. डांबरावर ही छान वळतात. उगाच बदलू नका."

चाचींनी जेवायला थांबवलं. मी बरोबर नेलेलं पाकीट चाचांनी उघडून न बघता परत माझ्या पर्समध्ये ठेवलं, आणि हात धुता धुता विचारलं, "तुझी स्टेपनी कधीची?" मी आठवून आठवडा आणि वर्ष सांगितलं. ते म्हणाले, "वापरली नसलीस तरी बदल. ऊन तिलाच जास्त लागतंय, दारावर टांगलेली असते." मस्कतला परतल्यावर त्याच आठवड्यात मी नवा टायर घातला, ११६ आकडा आणि तारीख दोन्ही बघून, आणि भिंतीवरच्या त्या चार आकड्यांचा फोटो त्यांना पाठवला.