विमानाचा दीड तास

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात नकाशावर दोरा ताणून अंतरे मोजण्याचा पाठ चालला असता धडगावकडील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, मुंबईहून नागपूरला विमान किती वेळात पोहोचते?" आम्ही "सुमारे दीड तास" असे सांगून पुढे गेलो खरे, परंतु हे उत्तर किती अपुरे आहे, हे आम्हांस चांगलेच ठाऊक होते.

दोऱ्याने मोजल्यास या दोन शहरांतील सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. लोहमार्गाने तेच ८३७ होते, कारण आगगाडीस कसारा घाट चढून भुसावळकडून जावे लागते. तासाला आठशे किलोमीटर वेगाच्या विमानास खरे पाहता तासभरही लागू नये. परंतु धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग आवरणे, आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर आपली पाळी येण्याची वाट पाहणे, यांत उरलेला वेळ जातो. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात. ते नागपूरकडे जाताना पाठीशी असतात, परतताना तोंडावर.

आमचे वडील रेल्वेचे पेन्शनर, राहणार नागपूर. १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने नागपुरास एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत, ही हकीकत ते मोठ्या अभिमानाने सांगत. स्वतः मात्र विमानात कधी बसले नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी निरोप आला की, दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांच्यावर शल्यक्रिया व्हावयाची आहे. आम्ही घाबरलो, आणि घाबरलेल्या मनुष्यास वेगाचा मोह पडतो. दीड तास हा एकच आकडा डोळ्यांपुढे ठेवून आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईस निघालो. नागपूर पूर्वेस, आम्ही मात्र त्याकडे पाठ फिरवून चारशे किलोमीटरांहून अधिक उलट्या दिशेस गेलो! सकाळी मुंबईत उतरलो, तो दिवसाच्या विमानांत जागा नाही. संध्याकाळच्या विमानात मिळाली. ते वेळेवर निघाले, वेळेवर उतरले, दीड तासच लागला. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा शल्यक्रिया आटोपली होती. आत नेण्यापूर्वी त्यांनी दोनदा आमची चौकशी केली होती, असे आईने सांगितले.

तिसऱ्या दिवशी ते बोलू लागले. पहिलाच प्रश्न, "कोणत्या गाडीने आलास?"

"विमानाने, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. बोटांची पेरे मोजीत ते म्हणाले, "सकाळी नंदुरबाराहून हावड्याकडची गाडी धरली असतीस, तर साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर. मला आत नेण्याआधी भेटला असतास." पुढे पुष्कळ वर्षे जगले, पण हा हिशेब त्यांनी आम्हांस पुन्हा कधी ऐकविला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्या मुलास पुन्हा उभे केले आणि म्हटले, "मुंबईपासून नव्हे, तुझ्या घरापासून दोरा लाव." त्याने सातपुड्यात बोट टेकविले, दोरा तळोद्यावरून नंदुरबारपर्यंत आणला व थांबला.

"गुरुजी," तो म्हणाला, "चांदसैली घाटात दरड पडली असेल, तर किती तास धरायचे?"

आम्ही खडू हाती घेतला, आणि ती जागा फळ्यावर कोरी सोडली.