उशिरा सुचणारे प्रश्न

मुलांना बाहेर न्यायचं तर हिवाळ्यात, असं माझं पक्कं मत आहे. उन्हाळ्याची सुट्टी लांबलचक असते खरी, पण दहा वाजल्यापासून ऊन घरात कोंडून घालतं. पावसाळा देखणा, पण तेव्हा सगळं लक्ष निसरड्यावर पाय सांभाळण्यात जातं. मार्गशीर्ष-पौषात मात्र देशावरचं रान माणसाला दिवसभर बाहेर बसू देतं. ज्वारी निसवलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, धरणांच्या कडा उघड्या पडू लागतात, लांबची पाखरं उतरलेली असतात आणि रात्री आकाश निवळलेलं असतं. शिवाय पिकाच्या राखणीला माणसं शेतात असतात. विचारलं तर ती बोलतात.

बहिणीच्या दोन्ही मुलांना मी दर हिवाळ्यात कुठे ना कुठे घेऊन जाते. भाची साडेआठ वर्षांची, भाच्याला अकरा पुरी होऊन बारावं लागलेलं. त्यांच्याबरोबर हिंडताना एक गोष्ट मला दिसत आली आहे. पहिला तासभर मुलं काही विचारत नाहीत. तो वेळ खाऊचा, खिडकीवरून भांडण्याचा आणि 'मावशी, अजून किती वेळ?'चा. मग कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे कुठेतरी खरा प्रश्न सुचतो. आपल्या सहली मात्र कंटाळा यायच्या आतच पुढच्या ठिकाणी निघालेल्या असतात. एका दिवसात चार ठिकाणं दाखवण्यापेक्षा एकाच ठिकाणी चौपट वेळ बसावं, असं मी प्रत्येक आईबापाला कळकळीनं सांगते.

भिगवणचं उदाहरण घ्या. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इथवर पसरलेलं आहे. अंधारात निघालं तर उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोचता येतं. इथले अनेक होडीवाले मासेमारी करणारे. त्यांना पाखरं ठाऊक आहेत ती पुस्तकातून नव्हेत, रोज त्याच पाण्यात वावरल्यामुळे. काठाला शेकाट्या, पुढे चित्रबलाक, आणि लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी-पांढरी ओळ. ओळ दिसली की मोठी माणसं फोटो काढतात आणि आता परत फिरू म्हणतात. आम्ही होडीवाल्या काकांना इंजिन बंद करून थांबायला सांगितलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचीनं विचारलं, "हे डोकं उलटं करून का खातात?" खरंच उलटं असतं ते. रोहित मान खाली घालतो तेव्हा चोचीची वरची बाजू खाली जाते, म्हणून चोच मधेच मोडल्यासारखी वाकडी. जीभ मागेपुढे सरकवत तो पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडांना बारीक दातेरी पट्ट्या असतात, त्यांत शेवाळ आणि पाण्यातले इवले जीव अडकून राहतात. अंगाचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लू करड्या रंगाचं असतं. पायाच्या मध्यावर जो गुडघा वाटतो तो असतो घोटा, खरा गुडघा वर पिसांत लपलेला. हे कळल्यावर भाचा होडीतच चवड्यांवर उभा राहून रोहितासारखं चालून बघू लागला आणि काकांनी त्याला दरडावून खाली बसवलं.

पण त्या सकाळचा प्रश्न तो नव्हता. तो आला परतायच्या बेतात असताना, तिच्याचकडून. धरण नव्हतं तेव्हा ही पाखरं कुठे जायची? मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात काका म्हणाले, "पाखरांचं मला ठावं न्हाई बाळा. आमचं सांगतो. माझ्या आज्याचं रान हितंच हुतं, ह्या हुडीखाली. रान, गोठा, हीर, समदं."

"विहीर पण? मग पाण्यात विहीर आहे?"

"हाय की. पाण्यात हीर हाय."

ती वाकून पाण्याकडे बघत राहिली. उजनी 1980मध्ये पुरी झाली. भीमाकाठची गावं उठून वर वसली. पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यात गेलं आणि उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते अजून वर येतं. कालव्यांतून पाणी सुटतं, पातळी खाली जाते, काठाशी चिखल आणि गुडघाभर पाणी उरतं, आणि नेमकं तेच रोहितांना हवं असतं. म्हणजे ज्या पाण्यानं काकांच्या आज्याचं रान नेलं त्याच पाण्यावर ही पाखरं उतरतात आणि आज त्या पाखरांवर काकांची होडी चालते. मी हे मुलांना समजावून सांगायच्या फंदात पडले नाही. काकांच्या दोन वाक्यांत सगळं होतं आणि त्यांच्या तोंडून आलं होतं म्हणूनच ते मुलांना लागलं.

त्याच रस्त्यावर ओळखीच्या एका शेतात आम्ही दुपारनंतर हुरड्याला थांबलो. हुरडा पार्टी म्हटलं की आता मोठा ध्वनिक्षेपक, पाण्याच्या घसरगुंड्या आणि पोट फुटेस्तोवर जेवण असं चित्र झालंय. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात याचा मला आनंदच आहे. पण त्या गोंगाटात आगटीजवळ बसणारं कुणी उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हुरड्याचं सगळं शिक्षण त्या आगटीजवळ होतं. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, त्यात खुपसलेली गुळभेंडीची कणसं. शेतातल्या आजी कणीस उपसून काढत, राख झटकत आणि तळहातावर चोळत. हिरवे दाणे सुटून पडत, फोलपट सुपातून उडून जाई. भाच्यानं चोळून बघितलं आणि "पोळलं!" म्हणून कणीस टाकून दिलं. आजींनी कणीस निवडायला शिकवलं. दाणा नखानं दाबायचा. नुसतं दूध आलं तर कोवळा, काहीच आलं नाही तर जून. दाट दूध आलं की हुरडा.

शेंगदाण्याची चटणी, गूळ, मधेच बोरं. खाता खाता भाचा थबकला. कच्ची ज्वारी गोड आणि पिकलेली ज्वारी अगोड, हे त्याला पटेना. "आंब्याचं तर उलटं असतं," तो म्हणाला. कैरी आंबट, पिकला की गोड. मी थक्क झाले. इतकी वर्षं हुरडा आणि आंबा दोन्ही खाऊनही मला ही गोष्ट सुचली नव्हती. उत्तर शोधायला लागलो तेव्हा कळलं की मुलानं फार मूळचं काही विचारलं आहे. दुधातल्या दाण्यात साखर असते. दाणा भरतो तशी त्या साखरेची पिठुळ साठवण होते, कारण दाणा हे बी आहे आणि ती शिदोरी पुढच्या रोपासाठी आहे. आंब्याचा गर बीसाठी नसतो. तो आहे खाणाऱ्यासाठी, म्हणजे कुणीतरी फळ खावं आणि कोय दूर नेऊन टाकावी. म्हणून आंबा पिकताना पिठाची साखर करतो आणि ज्वारी पिकताना साखरेचं पीठ. घरी आल्यावर आम्ही त्याला भाकरीचा कोरा तुकडा न गिळता पुष्कळ वेळ चावायला लावला. लाळेनं त्या पिठाची पुन्हा साखर व्हायला लागते आणि तुकडा तोंडात गोडसर होतो. त्या दिवशी घरात सगळ्यांनी कोरडी भाकरी खाल्ली.

शेतात माळा होता आणि माळ्यावर गोफण. कणसांवर पाखरांचे थवे उतरत होते आणि आजींचा मुलगा गोफण फिरवून खडे सोडत होता. सकाळी पाखरं उडू नयेत म्हणून श्वास रोखून बसलेली भाची हे बघून हिरमुसली. "पाखरं चांगली की वाईट?" आजी म्हणाल्या, "पाखरू पाखरावानीच वागतं गं. पर आमी काय खावावं?" मग त्यांनीच सांगितलं की कडेच्या तासातली कणसं आम्ही पाखरांसाठी ठेवतो, मधल्यांना हात लावू देत नाही. भाचीचं यावर समाधान झालं नाही. मलाही ते व्हावं असं वाटलं नाही.

अंधार पडल्यावर निघायची घाई केली नाही. अमावस्येच्या जवळपासचा दिवस मुद्दाम निवडला होता. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलं. चार ताऱ्यांचा चौकोन, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाणाची रेघ खाली वाढवली की लखलखणारा व्याध. व्याधानं मृगाला बाण मारल्याची गोष्ट मुलांना आजोबांकडून माहीत होती, पण ती आकाशात खरंच एका रेघेत मांडलेली आहे हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. दक्षिणेला बरंच खाली अगस्त्य दिसेल म्हणून थांबलो. व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा तोच.

व्याध आपल्यापासून 8.6 प्रकाशवर्षं दूर आहे. भाचीला मी सांगितलं की तुझ्या डोळ्यांत आत्ता शिरलेला हा उजेड तिथून निघाला तो तुझ्या जन्माच्या सुमाराला. ती काही क्षण गप्प. भाऊ लगेच, "मग माझा तारा कुठला?" त्याचाही सापडला. प्रश्वा, साडेअकरा प्रकाशवर्षांच्या आसपास. बहीण त्रेचाळीसची, तिला ब्रह्महृदय मिळाला. पासष्टी गाठलेल्या आजोबांसाठी रोहिणी. कृत्तिकांचा पुंजका राहिला. त्यांचा उजेड सुमारे 440 वर्षांपूर्वीचा, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधीचा. आता दर हिवाळ्यात ही वाटणी नव्यानं करावी लागणार, कारण माणसांची वयं वाढतात आणि तारे तिथेच राहतात.

ज्यांना इतक्या लांब जाणं जमत नाही त्यांच्यासाठी पंचांग आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो असं आजोबा म्हणाले. शाळेत तर 22 डिसेंबर सर्वांत लहान दिवस म्हणून शिकवलेला. भाच्यानं पंचांगातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा वहीत उतरवून काढल्या आणि तिसरीच गोष्ट निघाली. आपल्याकडे संध्याकाळ नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच लांबू लागते, सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत राहते. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे या दिवसांत सूर्य माथ्यावर यायची वेळ रोज थोडी पुढे सरकते. पहाटे उठणाऱ्या माणसाला संक्रांतीनंतरच उजाडणं लवकर झालेलं जाणवतं. धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आत गरम खिचडी आणि बाजरीची भाकरी वाढणाऱ्या घरांत ही म्हण रुजली असेल, तर ती पहाटेच्या अनुभवाशी अगदी जुळते. आजोबांना आपली बाजू खरी निघाल्याचा फार आनंद झाला.

भाच्याचा सध्याचा प्रश्न असा आहे की दिवसा तारे दिसत नाहीत, तर शास्त्रज्ञ दिवसा काय करतात? रेडिओ लहरींना दिवस-रात्रीची अडचण नसते, एवढं सांगून मी थांबले. बाकीचं त्यानं खोडदला विचारावं. तिथे, नारायणगावजवळ, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना मिळून एक रेडिओ दुर्बीण झालेली आहे आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला मिळते. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, हे मला आधीच आवडलंय. या वर्षी आजोबाही येणार आहेत. डबे घरून न्यायचे, दुसरं कुठलंही ठिकाण त्या दिवसात घालायचं नाही आणि मुलं निघू या म्हणाली तरी तासभर थांबायचं, असं ठरलंय.