आजीचं उपासना संगीत

धुळ्याचं घर आवरून जळगावला जे सामान आलं, त्यात भांडीकुंडी होती, एक लोखंडी पेटी होती आणि आजीचं 'उपासना संगीत' होतं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारी ज्याच्या-त्याच्या हातात असतं ते हे गीतांचं पुस्तक. आजीच्या प्रतीचा पुठ्ठा बदललेला आहे, पाठीला कापडाची पट्टी खळीने चिकटवलेली आहे. सुरुवातीची पानं गेली आहेत. आजीने कधी काळी स्वतःचं नाव घातलं असेल, तर तेही त्या पानांबरोबरच गेलं.

उरलेल्या पानांच्या कडेला मात्र तिचं पेन्सिलचं अक्षर आहे. 'थोरलीचं बाळंतपण.' 'कंपाउंडरचा ताप, तिसरा आठवडा.' 'पाऊस नाही.' कुणाच्या घरी भजनाला कोणतं गीत म्हटलं आणि का, एवढीच नोंद. एका गीताशेजारी फक्त 'ती गेली' असं लिहिलं आहे. ती कोण, हे घरात आता कुणालाच सांगता येत नाही.

आजी दवाखान्यात आया होती. पश्चिम खानदेशात, नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशी मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखाने काढले, भिल्ल वस्त्यांतून कामं उभी केली. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना आजही चालू आहे. अशा संस्थांच्या इतिहासात डॉक्टरांची नावं येतात आणि ती यायलाच हवीत. परक्या मुलखात येऊन आयुष्य घालवणं सोपं नव्हे. पण रात्री रुग्णाचं भांडं उचलणारी, रक्ताने भरलेली चादर विहिरीवर धुणारी बाई त्या इतिहासात नसते. आजी निवृत्त झाल्यावर मंडळीत कुणीतरी तिला म्हणालं, तुमच्या सेवेची साक्ष सांगा, लोकांना कळू द्या. ती अहिराणीत एवढंच बोलली, "देव देखस ना, मंग कोनले सांगानं?" आणि चुलीवरची भाकरी उलटायला आत गेली.

मी शाळेत असताना मला कळलं की 'केवढे हे क्रौर्य'चे कवी आणि आमच्या रविवारच्या कितीतरी गीतांचे कवी एकच. रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्या शोधाने मी हरखून गेले होते. आजीला सांगितलं तर तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. ती गीतं तिच्या दृष्टीने टिळकांची नव्हती, ज्यांच्यासाठी म्हटली त्यांची होती. त्या वयात मला ते अडाणीपणाचं वाटलं. आज वाटतं, स्वतः टिळकांना हे ऐकून आनंदच झाला असता.

तसं वाटायला कारण आमच्या जळगावातच आहे. 1907 साली इथे कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणून गेला आणि 'बालकवी' झाला. टिळक तेव्हा पंचेचाळिशीतले, नावाजलेले कवी. कोवळा पोर समोरून पुढे निघून जातो आहे, हे दिसल्यावर जाणत्या कवीच्या मनात काय काय येऊ शकतं! टिळकांच्या मनात आलं ते हे की या मुलाला घर हवं. पुढे बालकवी नगरला टिळकांकडे राहिले आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्यांच्याविषयी पोटच्या पोरासारखं लिहिलं. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. पुढच्याच वर्षी 5 मे रोजी बालकवी इथल्याच भादली स्टेशनात रुळांवर गेले. तेव्हा त्यांच्या नावावर एक कवितासंग्रहदेखील नव्हता. भादलीवरून गाडी जाते तेव्हा मी पुस्तक मिटते. सवयच आहे.

नाव मागे ठेवून काम करणारी माणसं खानदेशाला नवीन नाहीत. बहिणाबाईंनी ओव्या जात्यावर आणि मळ्यात सांडल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या टिपल्या नसत्या तर आपल्याला काहीच मिळालं नसतं. पुस्तक आलं 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले, आणि ती प्रवचनं साने गुरुजींनी उतरून घेतली. स्वतः लेखक असलेला माणूस दुसऱ्याचा शब्द सांडू नये म्हणून मान खाली घालून लिहीत बसला, हे मला फार मोठं वाटतं.

तरी ही उदाहरणं माझ्या प्रश्नाला पुरत नाहीत. बहिणाबाई अखेर सापडल्या. आता विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. उशिरा मिळालेलं यश हेही यशच. पण जी कधीच सापडणार नाही, जिच्या ओव्या साधारणच होत्या, जिला सोपानदेव नव्हता, तिचं काय? आजीने कविता केली नाही. तिचं भाकरी थापणंसुद्धा शेजारणीपेक्षा सरस नव्हतं. उद्या कुणी तिचा शोध घेईल, अशी शक्यता नाही. तिच्या जगण्याचं मोल कुणाच्या नजरेवर अवलंबून असेल, तर ते शून्यच धरावं लागेल. आणि ते शून्य नव्हतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिच्या अंत्यविधीला नवापूरकडून माणसं रात्रभर एसटीने आली होती.

हा प्रश्न माझ्या कामात फार जवळून उभा राहिला. मी मराठी शाळेत शिकवते. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझ्या नावाची फाइल करायची ठरली. फाइल ज्याची त्याने करायची असते: उपक्रमांचे फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रांच्या प्रती, निकालाची टक्केवारी, आणि 'आपल्या उल्लेखनीय कार्याचा आढावा'. पुरस्कार मिळालेले काही शिक्षक मला माहीत आहेत; त्यांनी खरोखर शाळा उभ्या केल्या आहेत आणि त्यांच्या गळ्यात हार पडला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पण आढाव्याचा कागद पुढे घेतला आणि मला आठवू लागली ती ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलगी. सहावीत तिला वाचता येत नव्हतं. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ बसायची, बोट ठेवून अक्षर लावायची, घाम पुसायची, पुन्हा लावायची. 'पाखरू' हा शब्द तिने पहिल्यांदा सबंध वाचला तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली नाही, पानाकडेच बघत राहिली. दिवाळीनंतर ती परत आली नाही. आढाव्यात तिची नोंद गळती म्हणून करावी लागली असती.

त्या रात्री मी फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचत होते. पौल तिथे आपला बायोडाटाच मांडतो. कूळ सांगतो, बन्यामीन वंश सांगतो, परूशी म्हणून निर्दोष होतो म्हणतो. एकही कलम खोटं नाही. मग तो सगळा ढीग केरात काढतो, कारण ख्रिस्ताची ओळख झाल्यावर त्याला त्याची गरजच उरलेली नाही. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले होते. कळला तो फाइल समोर असताना.

आणि यार्देन नदीची गोष्ट. येशू बाप्तिस्मा घेऊन वर येतो तेव्हा आकाशातून वाणी होते की तू माझा लाडका पुत्र आहेस, तुझ्यावर मी संतुष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानात हे पहिल्याच अध्यायात आहे. तोवर एक रोगी बरा झालेला नाही, एक दृष्टान्त सांगितलेला नाही, एक शिष्य मिळालेला नाही. संतोष आधी, काम नंतर. आपण शाळेत, घरात, नोकरीत उलटं शिकवतो: आधी करून दाखव, मग शाबासकी. माझ्या विश्वासातलं मला सगळ्यात प्रिय असं काही असेल तर हा उलटलेला क्रम. आजीला कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही, ते लाजेने नव्हे. जे मिळवायचं असतं ते तिला आधीच मिळालेलं होतं.

फाइल मी दिली नाही. मुख्याध्यापक नाराज झाले. त्यांचंही खरं होतं, शाळेचं नाव झालं असतं.

नाव मिरवण्याचा हा आजार बाहेरच्या जगाचाच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. प्रार्थनासभांच्या फ्लेक्सवर उपदेशकाचा फोटो मोठा होत चालला आहे आणि क्रूस कोपऱ्यात सरकतो आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या मंडळीत हंगामाचा सण अजून चांगला होतो. दादर ज्वारीची कणसं, भरताची वांगी, रावेरच्या केळीचा घड, गावठी अंडी पुढे मांडली जातात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. लिलाव बोलणारे काका वस्तूचं नाव घेतात, आणणाऱ्याचं घेत नाहीत. दोन अंडी कुणी आणली हे विचारायचं नाही, असा जुना रिवाज आहे. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे एक दमडी, टाकणाऱ्या विधवेचंही नाव शुभवर्तमानात दिलेलं नाही.

यंदा छपराच्या कामासाठी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची सूचना आली. पंचमंडळाच्या बैठकीत मी विरोध केला, आजीच्या पुस्तकातल्या नोंदी वाचून दाखवल्या. कोशाध्यक्ष म्हणाले, "ताई, पाटी म्हटल्यावर पैसे येतात आणि पावसाळा कुणासाठी थांबत नाही." मतं झाली, पाटी मंजूर झाली. माझं मत बदललेलं नाही. पुढच्या बैठकीतही मी हेच बोलणार आहे. पण छप्पर गळतं हे खरं आहे. पत्रे धुळ्याहून स्वस्त पडतात. शनिवारी टेम्पो जाईल तेव्हा मोजून घ्यायला कुणीतरी हवं होतं, ते काम मी घेतलं आहे.