सहाशे वर्षांचं पेंडिंग काम

कोलोन म्हटलं की आपल्याला आठवतात त्या लहानपणी तापात कपाळावर ठेवलेल्या कोलनवॉटरच्या घड्या. त्या कोलनवॉटरच्या गावी, जर्मनीत, मी पोचले तेव्हा डोकं तापलेलंच होतं. अकरा महिने राबून उभा केलेला प्रोजेक्ट क्लायंटने शुक्रवारी दुपारी एका मेलवर थांबवला होता. ‘ऑन होल्ड’ हा त्यातला गोड शब्द. सोमवारी हँडओव्हर, गुरुवारी परतीचं विमान. हँडओव्हर तरी कुणाला करायचा? चार ओळी खरडून मोकळं व्हायचं, असं ठरवून मी शनिवारी सकाळी ट्रेन पकडली.

कोलोन स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथीड्रल अक्षरशः अंगावर येतं. १५७ मीटर उंच, काळपट, जुळे मनोरे. वर बघताना टोपी पडायचीच बाकी!

पायाचा दगड बसला १५ ऑगस्ट १२४८ रोजी. (तारीख आपल्या लक्षात राहणारी!) बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून इथे आणल्या होत्या. त्यांना शोभेलसं घर हवं होतं. पहिला आर्किटेक्ट मास्टर गेरहार्ड. त्याने फ्रान्समधली गॉथिक शैली उचलली. टोकदार कमानी, आणि छताचा रेटा बाहेरून पेलणारे दगडी टेकू. भिंतींवरचं ओझं हलकं झालं आणि त्यांच्या जागी रंगीत काचा आल्या. छत ४३ मीटरवर, तरी आत दडपण येत नाही. उजेडच येतो.

पण वेदीकडचा पहिला भाग पुरा व्हायलाच १३२२ उजाडलं. तो बघायला गेरहार्ड कुठला असायला! पुढे सोळाव्या शतकात पैसा आटला, उत्साहही आटला. काम बंद. दक्षिणेकडचा मनोरा अर्धवट, त्याच्यावर लाकडी क्रेन तशीच. ती क्रेन १८६८ पर्यंत तिथेच होती. बोला! आमचं ऑन होल्ड काय घेऊन बसलात?

मग १८१४ मध्ये डार्मस्टाटला दर्शनी बाजूच्या मध्ययुगीन आराखड्याचा अर्धा भाग सापडला. उरलेला अर्धा १८१६ मध्ये, थेट पॅरिसला. चार मीटरहून उंच चर्मपत्र, त्यावर कमान न् कमान रेखलेली. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि मनोरे त्याच आराखड्यावरून चढले. १८८० मध्ये काम संपलं. एकूण ६३२ वर्षं!

दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या मी धापा टाकत चढले. खालचे दगड मध्ययुगातले, वरचे एकोणिसाव्या शतकातले. सांधा कुठे ते शोधत होते. खरं सांगू? नाही सापडला.

उतरताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तो आराखडा काढणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं, तो पुढे कोण उघडणार आहे? तरी पठ्ठ्याने एक कमान सोडली नाही.

सोमवारी हँडओव्हर लिहायला बसले. चार ओळींची ६२ पानं झाली. टीम लीडने ती चाळली आणि विचारलं, “अगं, हे वाचणारेय कोण?”

म्हटलं, “येईल कुणीतरी. घाई काय आहे?”