धडावर डोके नाही, कणसे आहेत : डहाणू-तलासरीचा घोडेस्वार आणि जिव्या सोमा म्हसे

१/
ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेत दुकानांच्या काचांवर, शुभेच्छापत्रांवर, घरांच्या दारांवर एक ओळखीची आकृती दिसू लागते : काळा घोडा आणि त्यावर शिर नसलेला स्वार. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या १८२० सालच्या 'द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो' या कथेने त्याला घरोघर पोहोचवले. तोफगोळ्याने डोके उडालेला हा सैनिक रात्री आपले शिर शोधत भटकतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांतही असा एक शिरविहीन घोडेस्वार आहे. तो मात्र लग्नघराच्या भिंतीवर असतो आणि त्याच्या मानेतून धान्याची पाच कणसे फुटलेली असतात. हा धागा त्या स्वाराविषयी आहे, आणि भुतेखेते, देव व माणसे एकाच भिंतीवर नांदवणाऱ्या कलेला कागदावर आणणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी.

२/
प्रथम हॅलोविनची पार्श्वभूमी. या सणाचे एक मूळ आयर्लंड-स्कॉटलंडच्या 'साउन' या सणात शोधले जाते. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा तो सांधा. त्या रात्री मृतांच्या जगाचे दार किलकिले होते, अशी समजूत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत या भयाची रंगीत पोस्टकार्डे निघाली. एलन क्लॅपसॅडल या चित्रकर्तीने भोपळ्यांचे दिवे, काळी मांजरे आणि गोबऱ्या गालांची मुले यांची अशी कार्डे काढली. आज 'जुन्या वळणाची' हॅलोविन चित्रे काढणारे कलावंत अजून त्याच कार्डांकडे पाहतात. क्लॅपसॅडल १९३४ साली वारल्या. त्याच वर्षी तलासरी तालुक्यातील धामणगावात जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म झाला. हा योगायोगच, पण भयाला चित्रात बसवण्याच्या दोन रीती शेजारी ठेवून पाहण्यास तो उपयोगी पडतो.

३/
ऋतूही जुळतो. डहाणू-तलासरीत याच सुमारास भात कापणीला येते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते आणि रानाकडेच्या वाघदेवाची पूजा होते. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, अंगाला शेंदूर. ज्याची भीती वाटते त्याला हाकलायचे नाही. त्याला त्याचा मान द्यायचा, त्याची हद्द ठरवायची आणि शेजारी म्हणून राहायचे. वारली चित्रांतील अदृश्य शक्तींकडे पाहण्याचा मार्ग या रीतीतून सापडतो.

४/
हे चित्र मुळात शोभेचे नव्हते. लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर 'चौक' लिहिला जाई; लिहिणाऱ्या असत सवाशिणी. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तीवर गेरूचा हात फिरवायचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करायचा. टोक ठेचलेली बांबूची काडी ही लेखणी. चौकाच्या मधोमध पालघट देवी, सुफलनाची देवता. चौकाविना लग्न पुरे होत नाही, अशी श्रद्धा. धवलेरी गाणी म्हणत, भगत देवांना बोलावी आणि त्याच्या अंगात येई.

५/
मोठ्या चौकाशेजारी एक लहान देवचौक असतो. त्यात आपला घोडेस्वार उभा आहे. त्याचे नाव पाचशिऱ्या, म्हणजे पाच शिरांचा देव. कधी घोड्यावर, कधी नुसता उभा. डोक्याच्या जागी काही नाही. मानेतून पाच कणसे वर आलेली. अर्व्हिंग यांचा सैनिक हरवलेले डोके परत मिळवण्यासाठी भटकतो. पाचशिऱ्याला डोके शोधायचे नाही. शिर गेले त्या जागी पीक आले आहे. भात कापणाऱ्याला यात कोडे वाटण्याचे कारण नाही : कणीस छाटले जाते, त्यातलाच दाणा पुढल्या पावसात पेरला जातो.

६/
पालघट ही देवी, तर वारल्यांचे पुरुषदेव पुष्कळदा मानवी रूप घेतलेल्या शक्तींसारखे आहेत. हिरवा देव मोरपिसांच्या जुडग्यात वसतो. उर्वरित महाराष्ट्रात ज्याच्या नावाने मुलांना भिववतात तो झोटिंगही इथे या मंडळीत येतो. देव कुठे संपतो आणि भूत कुठे सुरू होते, याची रेघ इथे ठळक नाही. त्यामुळे चित्रातही भयाला वेगळा, अंधारा कोपरा दिलेला नाही.

७/
जिव्या सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यानंतर त्यांनी बोलणे सोडले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. काही सांगायचे झाले तर ते धुळीत चित्र काढून दाखवीत. पुढे वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास ते डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावर आले. मरणाने गप्प केलेल्या मुलाला आपल्या समाजातील एक भाषा हाताशी सापडली. आणि ती तोवर बायकांची भाषा होती.

८/
त्या मुलाभोवतीचे खरे भय मात्र अदृश्य नव्हते. जमीनदार-सावकारांची वेठ हे तिथले रोजचे वास्तव होते. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली 'लग्नगडी' होई : कर्जापोटी तो आणि त्याची बायको सावकाराच्या घरी राबत. ज्या लग्नाचा चौक पिठाने लिहिला जाई, तेच लग्न माणसाला बांधून टाकी. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली आणि वेठीला उघड नकार मिळाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. जिव्या तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते.

९/
हे लक्षात घेतले की त्या भिंतीवरची भुते वेगळी दिसू लागतात. झोटिंगाला कोंबडे देता येते, वाघदेवाशी हद्द ठरवता येते, भगतामार्फत पितरांशी बोलता येते. सावकाराच्या वहीशी असे काहीच करता येत नसे. अदृश्य जग हे त्या माणसांसाठी अधिक भयाण नव्हते. उलट तेथे निदान बोलाचाली होत्या. म्हणूनच त्या चित्रांत दात विचकणारा चेहरा सापडत नाही. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक वाटोळे डोके आणि काड्यांसारखे हातपाय, एवढ्यावर सारे जग उभे राहते.

१०/
१९७०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने त्यांनी त्याआधी बिहारमधील मधुबनीच्या स्त्रियांना कागद आणि रंग पोहोचवले होते. वारली पाड्यांवरही ते स्त्रियांच्याच शोधात आले. तेथे त्यांना एक पुरुष भेटला, जो लग्न असो वा नसो, रोज चित्रे काढीत होता. त्याचे समाधान विधीवर अवलंबून नव्हते. चित्र काढणे हाच त्याचा आनंद होता. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांचे प्रदर्शन झाले आणि १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

११/
कागदावर आणि कापडावर आल्यावर चौकाची चौकट सुटली. म्हसे यांनी शेणाने वा गेरूने रंगवलेल्या पृष्ठावर मुंग्यांच्या रांगा, पाखरांचे थवे, तारप्याभोवतीचा नाच आणि मासेमारीचे जाळे काढले. त्यांची जाळी प्रसिद्ध आहेत : हजारो बारीक पांढऱ्या रेघा, जवळून पाहिले की हात थरथरल्याच्या खुणा, लांबून पाहिले की पाणी. त्यांच्या चित्रांत लोककथा आहेत, देव आहेत, मरणही आहे. पण माणूस, झाड आणि देव यांची उंची जवळपास सारखीच राहते. जगाच्या गर्दीत कोणी कोणाला झाकून टाकीत नाही.

१२/
१९८९ साली पॅरिसमध्ये पोम्पिदू केंद्राच्या 'मॅजिसिएं द ला तेर' या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासह त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू या मुलांनी ही कला पुढे चालवली.

१३/
या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. भिंतीवरचा चौक लग्नापुरता. पुढल्या सारवणात तो पुसला जाई आणि लिहिणारीचे नाव कोठेच उरत नसे. कागद टिकतो आणि त्याच्या कोपऱ्यात सही येते. सही आली तेव्हा ती प्रथम एका पुरुषाची आली. पिढ्यान्‌पिढ्या पाचशिऱ्याला मानेतून कणसे देणाऱ्या सवाशिणींची नावे पुरस्कारांच्या कोणत्याही यादीत नाहीत. म्हसे यांची थोरवी याने उणावत नाही. मात्र आईच्या मृत्यूनंतर मुक्या झालेल्या त्या मुलाने बोलण्यासाठी जी भाषा घेतली, ती अशा स्त्रियांच्या हातांनी घडवली होती, हे विसरता येत नाही.

१४/
आज तारप्याचा गोल कपांवर, पिशव्यांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतो. पाचशिऱ्या तेथे क्वचितच येतो. डोके नसलेला देव शोभेच्या वस्तूवर विकणे अवघड. अमेरिकेने आपला शिरविहीन स्वार गंमतीचा केला आणि बाजारात आणला. डहाणू-तलासरीचा स्वार अजून बहुतांशी लग्नघरातच आहे. त्या भागात एखाद्या घरी चौक पाहण्याची संधी मिळाली तर मोठ्या चौकाच्या शेजारी पाहावे. मानेतून फुटलेली कणसे मोजावीत, आणि हे कोणी लिहिले, असे त्या घरातल्या बायकांना अवश्य विचारावे.