मिरचीच्या आधीचं जेवण

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर मागे पडलं की डोळे आपोआप टोमॅटो शोधायला लागतात. नारायणगावच्या बाजारात रचलेले क्रेट, त्यांच्यापुढे टेंपोंची रांग, आणि २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोने काही शेतकऱ्यांना करोडपती केल्याच्या अजून न आटलेल्या गप्पा. आमच्या गाडीत मात्र टोमॅटोला बंदी होती. मिरची, बटाटा, शेंगदाणे, मका, साबुदाणा यांनाही. मागच्या सीटवर उडदाची डाळ, हरभऱ्याची डाळ, मिरे, जिरं, हिंग, सैंधव आणि तुपाची बरणी. नारायणगावला चहा घेतला तेव्हाच मनाला बजावलं, आता दोन दिवस हा शेवटचा.

पिंपळवंडी नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मधे. एका शिक्षक मित्राने आठवी-नववीच्या मुलांचं शिबिर तिथल्या ओळखीच्या शेतावर भरवलं होतं. निम्मी मुलं पुण्याची, निम्मी गावातली. दिवसा शिवनेरी आणि नाणेघाट, रात्री तंबू, आणि जेवण बाराव्या शतकातलं. जेवण माझ्याकडे. पुण्याच्या पोरांनी हौसेने मावळ्यांच्या पगड्या आणि लाकडी तलवारी आणल्या होत्या. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा, आमचा स्वयंपाक ११२९च्या सुमाराचा. पाचशे वर्षांची गफलत, पण पगड्या काढायला कोणी तयार होईना. मीही आग्रह सोडला. धुरात डोकं झाकलेलं बरंच.

शेताच्या एका अंगाला ऊस होता. त्यामुळे शेतकरी काकांनी पहिला पाठ दिला तो बिबट्याचा: दिवस मावळला की उसाकडे एकट्याने जायचं नाही, आणि त्या बाजूला वाकून तर बसायचंच नाही. गावातल्या पोरांना हे पाठ होतं. पुण्याच्या पोरांनी त्या क्षणापासून शौचालयाला जाताना चार-चारच्या तुकड्या केल्या.

आमच्या स्वयंपाकाचा आधार म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा हा संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, म्हणजे शंभर अध्याय: राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती, रत्नं, शिकार, गाणं, खेळ इथपर्यंत. त्यातला अन्नभोग हा राजाच्या ताटाचा अध्याय. त्यात उडदाचे वडे आहेत, दुधात भिजवलेले वडे आहेत, नुसत्या डाळींचा धोसक आहे, आणि शेतातले उंदीर भाजून खायची कृतीसुद्धा आहे. हे शेवटचं सांगितल्यावर जी आरडाओरड झाली, तिच्यानंतर इतिहासाचा तास कंटाळवाणा असतो असं कोणी म्हणालं नाही.

आम्ही निवडली इडरिका. इडलीची पूर्वज म्हणतात ती हीच, पण ओळख पटणार नाही. तांदूळ नाही, आंबवणं नाही, वाफवणं नाही. नुसते उडीद, वर मिरेपूड, जिरं, हिंग. रात्री डाळ भिजवली, सकाळी तीन पाटे-वरवंटे मांडले. मिक्सरवर वाढलेल्या मुलांना पाटा म्हणजे व्यायामशाळाच वाटली. वाटण झाल्यावर खरं काम: ते हाताने फेसायचं, एकाच दिशेने, मनगट भरून येईपर्यंत. सारखा प्रश्न येई, “मावशी, किती वेळ?” जुन्या कृतींत वाटी-चमचा नसतो, घड्याळही नसतं. म्हणून पाण्याची वाटी पुढे ठेवली. पिठाचा थेंब पाण्यात सोडायचा. बुडाला तर अजून फेसा, तरंगला तर पुरे. मग काय, तीन पाट्यांची तीन मंडळं झाली आणि कोणाचा थेंब आधी तरंगतो याची शर्यत लागली. जिंकल्या गावातल्या मुली. चुलीही त्यांनीच पेटवल्या. पगडीवाले मावळे फुंकणीने राख उडवत खोकत बसले होते. लिंबाएवढे गोळे तुपात सोडले, बाहेर काढल्यावर मिरेपूड भुरभुरली.

चव? कुरकुरीत, आत कापसासारखी, आणि तिखटपणा जिभेवर न बसता घशात जाणारा. पुण्याच्या एका मुलाने खिशातून सॉसची पुडी काढली, ती सगळ्यांच्या देखत जप्त झाली. गावातली एक मुलगी दोन गोळे संपवून म्हणाली, “चांगलंय. पन हे राजाचं झालं. त्याच्या रानात राबनाऱ्या बायांनी काय खाल्लं?”

अन्नभोगात त्या बायका नाहीत. त्या आहेत त्याच ग्रंथात, पण गाण्याच्या अध्यायात: महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वराने केली आहे. म्हणजे धान्य कांडायचा आवाज राजाच्या कानापर्यंत पोचला, त्या धान्याचं त्यांच्या घरी काय शिजलं ते पोचलं नाही. पाककृतींचे जुने ग्रंथ वाचताना मला ही चीड नेहमी येते. त्या मुलीला एवढंच सांगितलं. तिने मान हलवली आणि मिरे कुटायला उखळाकडे गेली. कोणाला ओवी येते का म्हणून विचारलं, तर तिच्या शेजारणीने आजीच्या दोन म्हणून दाखवल्या.

संध्याकाळी जवळच आळ्याला गेलो. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे, अशी श्रद्धा आहे. देवळाच्या आवारात मुलांना मांड्यांची गोष्ट सांगितली. विसोबा चाटीने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, तेव्हा मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले. तेराव्या शतकातल्या भावंडांची ही कथा. आमच्या शिबिरात मात्र प्रश्न फक्त चमत्काराचा निघाला नाही. मांड्याला खापरच का लागतं, तवा का चालत नाही, कणीक किती सैल, हातावर एवढा मोठा मांडा फाटत कसा नाही? सकाळी पीठ फेसल्याचा हा परिणाम असावा. बेळगावकडे अजून उपड्या खापरावर मांडे करतात, ते दाखवायला मी फोन काढला.

शेवटच्या रात्री काकूंनी बंड केलं. जुन्नर-आंबेगावात पाहुणे येऊन मासवडी न खाता जायचे, हे त्यांना मान्य नव्हतं. मी जिन्नस तपासले: बेसन, तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, खसखस. सगळे जुने. नवं फक्त तिखट. तडजोड ठरली. सारणात मिरे घालायचे, रस्सा काकूंचा काकूंना. ओल्या फडक्यावर शिजलेलं बेसन थापायचं, सारण पसरायचं, फडकं उचलत गुंडाळी करायची. दोन गुंडाळ्या फुटल्या, त्या करणाऱ्यांनीच संपवल्या. मग बाजरीच्या भाकरी आल्या आणि मागोमाग पातेलंभर लाल रस्सा, वर तेलाचा तवंग. मिरची गोव्यात पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली, आमच्या सोमेश्वराने ती पाहिलीही नाही, असं मी सांगत होते. तोवर पगड्या काढून ताटं पुढे झाली होती, आणि सॉसची पुडी गमावलेला मुलगा काकूंना म्हणत होता, “काकू, शिवकाळापर्यंत तर आली असेल ना? मग आम्हाला वाढा.”