पाण्यावरून आलेला ऑर्गन

संगीत नाटकाला गेलेल्या रसिकाच्या दृष्टीने ऑर्गनवाला म्हणजे नायिकेची पावले नीट दिसू न देणारे एक डोके. रंगमंचाच्या पुढ्यात, पडद्याच्या खालच्या अंगाला, पहिल्या रांगेकडे पाठ करून ते बसलेले असते. वाचकहो, गेली अठरा-वीस वर्षे त्या डोक्यांपैकी एक माझे आहे. पेशाने मी मराठीचा अध्यापक. दिवसा मुलांना देवल-किर्लोस्कर शिकवायचे आणि वर्षातून दोन-चार रात्री हौशी मंडळींच्या 'सौभद्रा'ला नाही तर 'शारदे'ला पाय मारीत बसायचे, हा माझा क्रम. 'पाय मारीत' हे शब्दशः घ्यावे. ऑर्गनचे भाते पायांनी चालतात, आणि पाय थांबले की सूर थांबतो.

ही विद्या मला एका वृद्ध गुरुजींनी दिली. ते गिरगावात राहत. शाळामास्तरकी करून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, आणि ऑर्गनच्या बाबतीत कमालीचे संशयी. त्यांचा ऑर्गन अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यातला, एस्टी कंपनीचा. आपली पायपेटी हवा बाहेर ढकलते. हा ऑर्गन ती आत ओढतो. त्यामुळे सूर भरीव आणि गोल येतो, तोंडावर येऊन आदळत नाही. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असत. त्यांतल्या हरिभाऊंचे नाव उच्चारताना आमचे गुरुजी कानाच्या पाळीला हात लावीत.

उरणशी माझा संबंध आला तो या ऑर्गनमुळे. तिथल्या एका हौशी मंडळाने 2006 सालच्या कार्तिकी पौर्णिमेला 'सौभद्र' करायचे ठरवले. 1882 साली रंगभूमीवर आलेले हे नाटक. पण अजूनही कोणा गावाला संगीत नाटकाची हुक्की आली, की पहिली नजर त्याच्यावरच जाते. मंडळातला कृष्ण न्हावाशेवा बंदरात कारकून होता, अर्जुन मिठागराच्या मालकाचा मुलगा, सुभद्रा प्राथमिक शाळेतल्या बाई. तालमी कृष्णाच्या पाळीप्रमाणे चालत. त्याची रात्रपाळी असली, की द्वारकेत त्या आठवड्यात कृष्ण नाही!

ऑर्गन न्यायचा कसा, हा पहिला प्रश्न. टेम्पो करून वाशी-बेलापूरच्या वाटेने नेणे सोयीचे होते. गुरुजींनी ते साफ नाकारले. "कंटेनरच्या गाड्यांनी तो रस्ता उखडलाय. ऑर्गन पाण्यावरून न्यायचा. पाण्याला खड्डे नसतात." तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच.

दुपारी साडेचारला निघालो. चादरी गुंडाळून, सुंभाने बांधून ऑर्गन लाँचच्या मधोमध ठेवला होता. त्याला टेकून मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोन कोळणी बसल्या. गुरुजींनी त्यांना अर्ध्या तासात तीनदा सरकायला सांगितले. डावीकडे तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप गेले, मागून घारापुरीचे दोन डोंगर आले. घारापुरी उरण तालुक्यात मोडते, हे आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे द्रोणागिरी दिसू लागला. मारुती संजीवनीचा पर्वत नेत असता त्याचा एक तुकडा इथे पडला, असे उरणकर सांगतात.

मोऱ्याचा धक्का समोर, हाकेच्या अंतरावर, आणि लाँच थांबली. थांबली म्हणजे रुतली. उधाणाच्या दिवशी भरती जशी मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ नेमकी सायंकाळी सहाच्या सुमाराची. मोऱ्याला गाळ फार. हे सगळे नाटकाची तारीख ठरवणाऱ्या उरणच्या मंडळींना जन्मापासून माहीत होते. पण ते टिपूर चांदण्याच्या विचारात होते.

"पानी नाय," तांडेलाने शांतपणे सांगितले. "दीड-दोन तास थांबावा लागंल."

पूर्वेला चंद्र वर आला. ज्या चांदण्यासाठी हा खटाटोप, ते चिखलावर पसरले होते. कोळणींनी पानाची चंची सोडली. गुरुजी मात्र ऑर्गनवरची चादर पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होते. दमट हवेचा त्यांना धसका. आठाच्या पुढे लाँच हलली. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या. मंडळाची चार पोरे धावत आली, ऑर्गन त्यांनी अलगद उचलला. गुरुजींना उचलायला मात्र कोणी नव्हते. त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण उजवा घोटा पाहता पाहता सुजला.

ऑर्गनवाल्याचा घोटा! दोन्ही पाय चालल्याशिवाय भाता भरत नाही. गुरुजी विंगेत खुर्चीवर बसले, पाय स्टुलावर ठेवला आणि मला म्हणाले, "आज तू बस."

माझे वय तेव्हा पंचविशीचे. संथा दीड वर्षाची. पण आत्मविश्वास असा, की नांदीआधी ऑर्गनवर बोटे टाकली तेव्हा वाटले, आता उरणला कळेल! धूप फिरला, नारळ फुटला, पडदा वर गेला.

साथ करणाराचे काम वरवर सोपे दिसते. नटाचे गद्य संपत आले, की शेवटच्या वाक्याखाली हलकेच सूर धरायचा, म्हणजे पद उचलताना त्याला चाचपडावे लागत नाही. पुरुष काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. तबलजीसमोर त्यासाठी वेगवेगळे तबले मांडलेले असतात, ऑर्गनवाल्याने मात्र तेच पद मनातल्या मनात सरकवायचे. ही सारी गणिते मला येत होती. येत नव्हते ते वेगळेच.

कृष्णाच्या पहिल्या पदाला मी त्याच्या प्रत्येक तानेमागे तान घेतली. त्याने श्वास घेतला, की ती जागा मी भरली. त्याचा सूर किंचित खाली आला तसा मी उजव्या हाताने जोर केला, म्हणजे त्याला बरोबर काय ते ऐकू यावे! तो आणखी खाली आला. तबलजीने माझ्याकडे पाहिले. मागच्या रांगेत कोणी खोकले. बंदरात बारा तास काम करून, सहा महिने रात्री जागून बसवलेले ते पद, आणि पुढे त्याची आई बसलेली. त्याचे डोळे एकदाच खाली माझ्याकडे वळले. त्यांत राग नव्हता, बुडणाऱ्याचा शोध होता. पद कसेबसे संपले. टाळ्या पडल्या त्या ओळखीच्या माणसांच्या.

अंक पडल्यावर विंगेत गेलो. गुरुजी चिडतील असे वाटले होते.

"उजवा हात कुठे ठेवतोस?" त्यांनी विचारले.

"पट्ट्यांवर."

"आता मांडीवर ठेव. पुढच्या पदाला नुसता डावा. खालचा षड्ज आणि पंचम. बाकी काही करायचं नाही. तो पडला, तरी करायचं नाही."

"आणि मध्ये जागा रिकामी राहिली तर?"

"राहू दे. ती त्याची आहे."

दुसऱ्या अंकात मी उजवा हात खरोखरच मांडीखाली दाबून बसलो. डाव्या हाताची दोन बोटे, आणि पाय. एस्टीचा खालचा सूर फार मोठा नसतो. तो कानापेक्षा बाकाच्या लाकडातून अधिक कळतो. कृष्णाने पद उचलले. पहिल्या ओळीला तो बिचकत होता, कारण माझ्या तानांची वाट पाहत होता. दुसऱ्या ओळीला त्याला कळले, की वाट अडवणारे कोणी नाही. मग त्याने एक जागा अशी घेतली, की ती तालमीतही कधी आली नव्हती. मी ती ऐकली, आणि उजवा हात आपोआप उठू लागला तो पुन्हा दाबला. पद संपले तेव्हा 'वन्समोअर'चा पुकारा झाला, आणि या खेपेला तो ओळखीच्या माणसांचा नव्हता.

प्रयोगानंतर सगळे कृष्णाभोवती जमले. माझ्याशी बोलायला फक्त एक म्हातारे गृहस्थ आले. ते म्हणाले, "दुसऱ्या अंकात तुमची पेटी बिघडली होती काय हो? फारशी ऐकू आली नाही." गुरुजी इतके हसले, की घोट्याची कळ विसरले.

त्यानंतर उरणला अनेकदा गेलो. या गावाने एका पिढीत फार पाहिले आहे. मीठ आणि दारूच्या भट्ट्या यांसाठी ब्रिटिश अमदानीत प्रसिद्ध असलेले हे बंदर. 1930 साली जवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या, पाच जण गेले. 1989 साली बंदर सुरू झाले. कृष्ण ज्या बंदरात कारकुनी करी, त्याच्या खाली त्याच्या आजोबांचे शेत होते. हे त्याने मला एकदा करंज्याच्या वाटेवर सहज सांगितले, आणि लगेच विषय बदलून 'मानापमाना'तल्या गोविंदराव टेंब्यांच्या चालींविषयी बोलू लागला.

गुरुजी 2013 साली गेले. ऑर्गन माझ्याकडे आला. मंडळाची नाटके कमी होत गेली, त्यांच्या जागी नाट्यगीतांचे कार्यक्रम आले, आणि ऑर्गनच्या जागी कीबोर्ड. कीबोर्डात ऑर्गनचा आवाज असतो, पाय मारावे लागत नाहीत, बगलेत मारून लोकलने नेता येतो. 12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत रेल्वे आली, तेव्हापासून मीही तसाच जात होतो.

मागल्या वर्षी कृष्णाचा फोन आला. आता तो निवृत्त झाला आहे. "सौभद्र करतोय. मी बलराम. कृष्ण माझा पुतण्या. येताना कीबोर्ड नको."

"अरे, पण आणायचा कसा?"

"तुमचे तुम्ही बघा. पोरगा नवखा आहे. त्याला खाली काहीतरी पाहिजे."

टेम्पो केला. ऑर्गन चादरीत गुंडाळला, सुंभाने बांधला, आणि शिवडीहून नव्या अटल सेतूवर चढलो. टेम्पोवाल्याला वेगाची घाई, त्याला दोनदा सांगावे लागले. सेतूच्या कठड्यावरून खाली पाहिले, तर ओहोटी होती. शिवडीच्या खाजणात लांबवर नुसता चिखल पसरला होता, आणि त्यावरून आमचा ऑर्गन एकही खड्डा न लागता पलीकडे चालला होता. गुरुजींना चालले असते. पण टेम्पोवाला कितीही हळू हाकत असता, तरी त्यांनी मागे बसून एक हात चादरीवर ठेवलाच असता, म्हणून उरण येईपर्यंत मीही तो ठेवला.